स्टुटगार्टला ऑक्टोबरमध्ये प्रवेश: खोली नाशिकहूनच पक्की करावी का?

गोदाकाठचे_बाबा

नमस्कार मंडळी,

मुलीला स्टुटगार्ट विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला आहे. विषय पाणी व्यवस्थापन, माध्यम इंग्रजी. सेमिस्टर १ ऑक्टोबरला सुरू होतं, लेक्चर्स ऑक्टोबरच्या मध्यापासून. एपीएस (पदवीच्या कागदांच्या पडताळणीचं) प्रमाणपत्र हातात आहे, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे खर्चाची रक्कम आधी भरून ती महिन्याच्या हप्त्याने सुटते त्या खात्यात, ११,९०४ युरो भरून झाले, व्हिसाच्या बायोमेट्रिकसाठी ऑगस्टमध्ये मुंबईला जायचं आहे. गाडी अडली आहे ती राहण्याच्या जागेपाशी.

विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज केला, तर उत्तर आलं 'प्रतीक्षा यादी'. कॉलेज रोडवरचा एक एजंट म्हणतो, ५५ हजार द्या, वर सहा महिन्यांचं भाडं आगाऊ भरा, खोली इथूनच पक्की करतो आणि पत्त्याच्या नोंदणीचा कागदही मिळवून देतो. शिवाय मुलीला नेटवर एक खोली सापडली आहे: विद्यापीठाजवळ, २५ चौरस मीटर, वीज-हीटिंग सगळं धरून ३२० युरो. मालक सध्या लंडनला असतो म्हणे, डिपॉझिट आलं की किल्ली कुरियरने पाठवणार.

घरात दोन तट पडलेत. हिची आई म्हणते, खोलीचा पत्ता हातात असल्याशिवाय पोरीला विमानात बसवायचं नाही. पोरगी म्हणते, तिथे जाऊन बघू. दोघींपैकी कोणाचं ऐकू? आणि ५५ हजार हा रास्त दर आहे का?


केरवोखे_पाटी

बाबा, दोघींचंही अर्धं अर्धं ऐका. पत्ता हातात हवाच, पण तो पहिल्या सहा ते आठ आठवड्यांचा. वर्षभराची खोली न बघता नाशिकहून पक्की करू नका.

आधी ती लंडनची खोली. तो नाद सोडा, उत्तरही देऊ नका. स्टुटगार्टमध्ये सामायिक घरातली साधी १२-१४ चौरस मीटरची खोली साधारण ४५० ते ६५० युरोंना जाते. विद्यापीठाजवळ २५ चौरस मीटर ३२० ला मिळत असती तर ती नेटवर दोन दिवसही दिसली नसती. मालक परदेशात, घर दाखवायला कोणी नाही, किल्ली कुरियरने, ही ठरलेली पटकथा आहे. पुढची पायरी अशी असते की 'विश्वासासाठी' पासपोर्टची प्रत मागतात आणि एखाद्या नामांकित बुकिंग साइटसारख्या दिसणाऱ्या बनावट पानाची लिंक पाठवतात. पासपोर्टची प्रत दिलीत तर तीच प्रत पुढच्या गिऱ्हाईकाला 'मी खरा मालक' म्हणून दाखवली जाते. आणि युरोपातल्या खात्यावर एकदा ट्रान्सफर केलेले पैसे मागे आणता येत नाहीत असंच समजा.

आता एजंट. त्याच्या बोलण्यातलं सर्वांत धोक्याचं वाक्य भाड्याबद्दलचं नाही, 'नोंदणीचा कागदही मिळवून देतो' हे आहे. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी नुसता भाडेकरार चालत नाही. घरमालकाने सही केलेलं 'वोनुंग्सगेबर-बेश्टेटिगुंग' नावाचं एक पानी पत्र लागतं: अमुक व्यक्ती अमुक तारखेला इथे राहायला आली. प्रत्यक्ष न राहता असा कागद विकणं किंवा पुरवणं बेकायदा आहे, पुरवणाऱ्याला ५०,००० युरोंपर्यंत दंडाची तरतूद आहे. खोटी नोंद करणारा विद्यार्थीही दंडाला पात्र ठरतो. नवख्या पोरीच्या फाइलवर पहिल्याच महिन्यात असा डाग कशाला?

५५ हजारांचं म्हणाल तर नाशिकमध्ये भाडेकरूने महिन्याचं भाडं ब्रोकरला द्यायची आपल्याला सवय आहे, म्हणून ते आपल्याला खटकत नाही. जर्मनीत २०१५ पासून नियम आहे की भाड्याच्या घरात दलाल ज्याने नेमला त्यानेच पैसे द्यायचे. मालकाच्या दलालाला भाडेकरूकडून काही मागता येत नाही. आणि सहा महिन्यांचं आगाऊ भाडं ही तिथली पद्धतच नाही.

मग करायचं काय? फर्निचरसकट अल्प मुदतीची जागा बघा. जर्मन विद्यार्थी इंटर्नशिप किंवा परदेशी सेमिस्टरला जाताना आपली खोली दोन-चार महिन्यांसाठी दुसऱ्याला देतात. याला त्स्विशेनमीटे म्हणतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अशा खोल्या निघतात. पहिल्याच संदेशात विचारायचं: 'आनमेल्डुंग होईल का?' नाही म्हणाले तर ती खोली उतरल्यावर बॅगा ठेवण्यापुरतीच कामाची. यूथ हॉस्टेल आणि बहुतेक हॉटेलांत नोंदणी होत नाही हे लक्षात ठेवा.

त्या एका कागदावर पुढचं सगळं अडलेलं असतं. नोंदणी झाली की दोन-तीन आठवड्यांत टॅक्स क्रमांक पोस्टाने येतो. बँका खातं उघडताना आणि ब्लॉक्ड अकाउंटवाल्या कंपन्या महिन्याचे ९९२ युरो सुरू करताना बऱ्याचदा नोंदणीचा दाखला मागतात. निवास परवान्याच्या अर्जालाही तो लागतो. तेव्हा ३०० ची नोंदणी न होणारी खोली आणि ५५० ची नोंदणी होणारी खोली यांत पहिले दोन महिने दुसरीच स्वस्त.

भूगोलही बघून घ्या. विद्यापीठाचे दोन मुख्य परिसर आहेत, एक शहराच्या मध्यभागी आणि दुसरा फायहिंगेनला. अभियांत्रिकीचे बरेचसे विभाग फायहिंगेनला आहेत. तिथे 'उनिव्हेर्सिटेट' नावाचं भूमिगत स्टेशन आहे, एस-१, एस-२ आणि एस-३ या लोकल थांबतात. त्यामुळे शोध स्टुटगार्टपुरता ठेवू नका. ब्योब्लिंगेन आणि एसलिंगेन ही गावं एस-१ वर आहेत, थेट गाडी. लुडविग्सबुर्गहून एकदा गाडी बदलावी लागते.


कसारा_अप

वरच्या सगळ्याला +१. मी फक्त पैसे आणि मुंबईची फेरी याबद्दल लिहितो.

ऑगस्ट म्हणजे कसारा घाटात पाऊस. सकाळची वेळ असेल तर पहाटेच्या गाडीच्या भरवशावर राहू नका, आदल्या रात्री मुंबईत मुक्काम करा. समृद्धी महामार्ग इगतपुरीपासून पुढे आमण्यापर्यंत जून २०२५ मध्ये सुरू झाल्याने घाटाचा भाग सुटसुटीत झाला आहे, पण भिवंडी-ठाण्याच्या बाजूची कोंडी आहे तशीच आहे. व्हिसाचं शुल्क ७५ युरो, रुपयांत घेतात. व्हिसासाठी वर्षभराचा भाडेकरार लागत नाही, त्यामुळे 'खोली नसेल तर व्हिसा नाकारतात' असं एजंट म्हणाला तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. मात्र कागदांत कसूर नको. नाकारलेल्या व्हिसावर दूतावासाकडेच फेरविचार मागायची सोय जुलै २०२५ पासून बंद झाली आहे. आता पर्याय दोनच: नवा अर्ज किंवा बर्लिनच्या न्यायालयात दावा.

पैशाचं गणित बऱ्याच पालकांचं चुकतं ते एका ठिकाणी. ११,९०४ भरले म्हणजे वर्षाचा खर्च भागला असं वाटतं. ते पैसे महिन्याला ९९२ च्या हप्त्याने सुटतात आणि पहिला हप्ता खातं वगैरे सुरू झाल्यावर. स्टुटगार्ट ज्यात येतं त्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो शुल्क आहे (२०१७ च्या हिवाळी सेमिस्टरपासून), त्यावर सेमिस्टर वर्गणी साधारण २०० युरो. ही रक्कम त्या ११,९०४ मध्ये धरू नका, वेगळी ठेवा. शिवाय डिपॉझिट. मूळ भाडं ४०० असेल तर डिपॉझिट १,२०० पर्यंत जाऊ शकतं, पहिलं भाडं ५०० च्या आसपास, गादी-उशी-भांडी १५०. म्हणजे शुल्क सोडून किमान २,००० ते २,५०० युरो पहिल्या महिन्यासाठी मोकळे हवेत.

ते कसे न्यायचे? फॉरेक्स कार्डावर. रोख परकीय चलन एका प्रवासाला ३,००० डॉलरच्या आतच नेता येतं, आणि तेवढंही नेऊ नये, ५०० युरो पुरेत. पण फॉरेक्स कार्डाने घरमालकाच्या खात्यावर ट्रान्सफर करता येत नाही. म्हणून भाडं आणि डिपॉझिट यांची सोय आधीच करा: करार हातात आला की तुमच्या बँकेतून थेट मालकाच्या आयबॅनवर (तिथला खाते क्रमांक) पाठवता येतं, दोन-तीन कामकाजाचे दिवस लागतात. शुक्रवारी दुपारी बँकेत जाऊन 'सोमवारी पोचेल ना' असं विचारू नका.

टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक कापते तो कर): एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंतच्या रकमेवर कापला जात नाही. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशावर मुळीच नाही. १ युरो १०० रुपये धरला तरी ब्लॉक्ड अकाउंटचेच बारा लाखांच्या घरात जातात. मर्यादा पॅननुसार मोजतात, तेव्हा आई आणि बाबा दोघांच्या खात्यांतून विभागून पाठवता येतं. कापला गेला तरी रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर अडकून राहतो.


गोदाकाठचे_बाबा

मनापासून आभार. एजंटला उद्याच नकार कळवतो. दोन शंका. करार जर्मन भाषेत येणार, त्यात डोळ्यांत तेल घालून बघायचं काय? आणि मुलीने आतापर्यंत चाळीसेक ठिकाणी संदेश पाठवले, उत्तर दोनच आली. काही चुकतंय का?


तळटीप

कराराचं मी सांगतो.

पहिली ओळ भाड्याची. काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचं भाडं, वार्ममीटे म्हणजे त्यात पाणी, कचरा, जिना सफाई आणि बहुधा हीटिंग मिळवून. वीज आणि इंटरनेट वार्ममीटेत आहेत की नाहीत हे वेगळं विचारा, सामायिक घरात असतात, स्वतंत्र घरात सहसा नसतात. या वरखर्चाची रक्कम अंदाजाने घेतलेली असते. हिशोब वर्ष संपल्यावर येतो, बारा महिन्यांच्या आत मालकाने द्यायचा असतो आणि हीटर जास्त वापरला असेल तर फरक भरावा लागतो. हे बिल घर सोडल्यानंतरही येतं, म्हणून जाताना मालकाला नवा पत्ता द्यायचा.

डिपॉझिट: कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांची काल्टमीटे. वार्म नव्हे, काल्ट. आणि ते तीन समान मासिक हप्त्यांत भरायचा भाडेकरूला हक्क आहे, पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना. हे अनेकांना ठाऊक नसतं. कराराआधी 'बुकिंग' म्हणून कोणी पैसे मागत असेल तर तिथेच थांबा.

मुदत: सगळ्यांत जास्त पोरं इथे अडकतात. बेमुदत करार असेल तर भाडेकरू तीन महिन्यांची नोटीस देऊन सोडू शकतो. नोटीस महिन्याच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत पोचली तरच तो महिना मोजतात, आणि ती कागदावर, सहीनिशी लागते. व्हॉट्सअ‍ॅप आणि ईमेल चालत नाही. पण करार मुदतीचा असेल, समजा ३१ ऑगस्टपर्यंत, तर मधेच सोडता येत नाही. वसतिगृहाची खोली जानेवारीत मिळाली तरी ऑगस्टपर्यंतचं भाडं बोडक्यावर बसतं. तशाच परिणामाचं 'किमान मुदत' किंवा 'नोटिशीचा हक्क सोडला' असं कलम बेमुदत करारातही घुसवलेलं असतं. ते शोधा. मालकाच्या स्वतःच्या घरातली फर्निचरवाली खोली असेल तर नियम सैल आहे: १५ तारखेपर्यंत नोटीस, महिनाअखेरीला मोकळे.

पोटभाडेकरू म्हणून राहणार असाल तर मूळ मालकाची लेखी संमती आहे ना ते विचारा. नसेल तर नोंदणीचं पत्र देताना खोली देणारा टाळाटाळ करायला लागतो.

किल्ली घेताना हस्तांतरणाचा कागद करून घ्या: भिंतीवरचे डाग, फरशीवरचे ओरखडे, मीटरचे आकडे, किल्ल्यांची संख्या. त्याच दिवशी तारखेसह फोटो. आणि किल्ली जपा. इमारतीला सामायिक कुलूप-व्यवस्था असेल तर एक किल्ली हरवल्यावर सगळी कुलपं बदलायचा खर्च हजारो युरोंत जातो. त्यासाठी वैयक्तिक उत्तरदायित्वाचा विमा असतो, वर्षाला ५० युरोंच्या आसपास. घेताना किल्ली हरवणं त्यात धरलंय का ते वाचा.


केरवोखे_पाटी

चाळीस संदेश, दोन उत्तरं हे प्रमाण वाईट नाही हो. खोली शोधणाऱ्यांची झुंबड ऑक्टोबरच्या तोंडावर असते. तरी सुधारता येईल.

इंग्रजीतला एकच मजकूर सगळ्यांना गेला की तो लगेच ओळखू येतो. सामायिक घरात, त्याला तिथे वे-गे म्हणतात, राहणारी पोरंच नवा सोबती निवडतात. मालक नंतर येतो. त्यांना तुमचे सीजीपीए नको असतात. सकाळी किती वाजता उठते, स्वयंपाकघर आवरते का, एकटी राहते की गप्पा मारते, हे हवं असतं. सहा-सात ओळी, जर्मनमध्ये, मोडकी चालेल. पहिल्या ओळीत त्यांच्या जाहिरातीतली एखादी गोष्ट, मग कधीपासून कधीपर्यंत, शिक्षण काय, पैशाची सोय काय (ब्लॉक्ड अकाउंट), आणि व्हिडिओ कॉलची तयारी. काही जाहिरातींत मधेच एखादा शब्द दिलेला असतो, 'संदेशात हा शब्द लिहा' म्हणून. जाहिरात पूर्ण वाचली का हे तपासण्यासाठी. तो चुकला की संदेश उघडतही नाहीत.

वेळ साधा. जाहिरात पडल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत पोचलेले संदेश वाचले जातात. उन्हाळ्यात आपण त्यांच्यापुढे साडेतीन तास, म्हणजे तिथले संध्याकाळचे सहा ते आठ म्हणजे नाशिकचे साडेनऊ ते साडेअकरा. जेवणं आटोपून बसायचं.

मालक शूफा मागेल, ती तिथली पत नोंद. नव्या माणसाची ती नसतेच. त्याऐवजी प्रवेशपत्र, ब्लॉक्ड अकाउंटचा दाखला आणि एक पानाची ओळख अशी एकच पीडीएफ तयार ठेवा. पासपोर्ट त्यात घालू नका, करार करतानाच दाखवायचा.


परीक्षा_नोंदणी

घराच्या गडबडीत अभ्यासाकडे दुर्लक्ष होतं, म्हणून थोडं अवांतर.

पुणे विद्यापीठाच्या सवयीने गेलेली मुलं इथे फसतात. विषयाला नाव नोंदवलं म्हणजे परीक्षेला नाव गेलं असं होत नाही. परीक्षेची नोंदणी वेगळी, ऑनलाइन, ठरावीक दिवसांतच. ती सहसा नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास येते, म्हणजे नेमकी घर शोधायच्या आणि परवान्याच्या धावपळीत. चुकली तर विलंब शुल्क भरून फॉर्म घेतात असं नाही, परीक्षा सरळ पुढच्या खेपेवर जाते. बऱ्याच विषयांत अंतर्गत गुण नसतात, शेवटची एकच परीक्षा शंभर टक्के. नापास झाल्यावर पुन्हा परीक्षा देण्याच्या संधी मोजक्या असतात, आणि सक्तीच्या विषयात त्या संपल्या की नाव कमी होतं. तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही करता येत नाही. आपल्याकडचं 'बॅकलॉग काढू पुढे' हे गणित तिथे चालत नाही. किती संधी आहेत हे तिच्या अभ्यासक्रमाच्या परीक्षा नियमावलीत लिहिलेलं असतं, विमानात वाचायला द्या.

सेमिस्टर ३० क्रेडिटचं, एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचं काम धरतात. म्हणजे ९०० तास. वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस नोकरीची मुभा आहे, तरी पहिल्या सेमिस्टरला ती संपवायच्या मागे लागू नये.

आणि आरोग्य विमा. एजंट महिन्याला ३०-४० युरोंचा खासगी विमा गळ्यात मारतात. सरकारी विमा विद्यार्थ्यांना तिशीपर्यंत महिन्याला साधारण १४० ते १५० युरोंत मिळतो. प्रवेशाच्या वेळी खासगी निवडून सरकारीतून सूट घेतली की ती सूट पूर्ण शिक्षणभर मागे घेता येत नाही. दाढ दुखली किंवा मोठं आजारपण आलं की खासगीतली कलमं कळतात. सरकारीच घ्या. प्रवासी विमा फक्त पहिल्या काही दिवसांसाठी.


मनुके_चालतात

सामानाचं कोणी लिहिलं नाही, म्हणून. तूप, पेढे, पनीर, खवा यांना युरोपीय संघात प्रवेश नाही, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाच्या बॅगेतूनही नेता येत नाहीत. ताजा कढीपत्ताही नाही. मसाले, पोहे, चिवडा, मनुके चालतात.

कुकर सपाट बुडाचा, इंडक्शनवर चालणारा, दोन-तीन लिटरचा, आणि त्याबरोबर दोन जास्तीच्या रबरी रिंगा व एक सेफ्टी व्हॉल्व्ह. तिथल्या शेगड्या काचेच्या असतात, ओढून भांडं सरकवलं की ओरखडा आणि तो डिपॉझिटमधून वजा. फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार लावून खिडकी उघडायची, कारण धुराचा अलार्म झोपण्याच्या खोल्यांत आणि बोळात सक्तीचा असतो. काही वसतिगृहांत अलार्म थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो आणि उगाच झालेल्या फेरीचं बिल विद्यार्थ्याला येतं.

हिवाळ्यात डाळ शिजवणं, कपडे खोलीतच वाळत घालणं आणि खिडकी बंद, या तिन्हींनी भिंतीला बुरशी धरते. उपाय: दिवसातून दोन-तीनदा खिडकी पूर्ण उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळवायची, हीटर तेवढा वेळ बंद. खिडकी दिवसभर किलकिली ठेवून उपयोग नाही, भिंत गार पडते आणि बुरशी आणखी वाढते. आणि दारावर 'केरवोखे' लिहिलेली पाटी लटकलेली दिसली तर घाबरू नका (वरचे सदस्य ओळखतीलच!). त्या भागातली जुनी पद्धत आहे: या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची. पुढच्या रविवारी ती पाटी शेजाऱ्याच्या दारावर अडकवायची.


गोदाकाठचे_बाबा

हे सगळं छापून फाइलला लावलं आहे. मुलीने कालच एसलिंगेनच्या एका खोलीबद्दल व्हिडिओ कॉल केला: १ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर, वार्म ५२०, नोंदणीचं पत्र देतो म्हणाली ती मुलगी, मालकाची संमती लेखी मागितली आहे. डिपॉझिट ५००, किल्ली देताना. ठीक वाटतंय?


तळटीप

दोन महिन्यांसाठी ठीक. संमतीचं पत्र आल्यावरच सही. एक राहिलं: तिथे पत्त्याला फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो. खोली देणाऱ्या मुलीचं नाव पेटीवर असेल आणि तुमच्या मुलीचं नसेल तर बँकेचा पिन, विम्याचं कार्ड, टॅक्स क्रमांक सगळं परत जाईल. पहिल्या दिवशी, सामान उघडायच्या आधी, कागदाच्या पट्टीवर आडनाव लिहून पेटीवर आणि बेलवर चिकटवायला सांगा. सेलोटेप बॅगेत टाका.